तीनदा वाचली, चौथ्यांदा गेली : ‘डार्केस्ट डन्जन’विषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ‘डार्केस्ट डन्जन’ या गेमवर एक पान लिहिलं आणि या महिन्यात त्यावरच इतकी पत्रं आली, की बाकीचे प्रश्न मला पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. गेम २०१६चा आहे, पण पत्रांतला राग आणि जिव्हाळा आजचा आहे. ज्यांनी ते पान वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. वारशात मिळालेल्या एका शापित वाड्याच्या पायथ्याशी एक उजाड गाव आहे. तिथे येणाऱ्या भाडोत्री नायकांतले चार निवडून तुम्ही त्यांना भुयारात पाठवता, आणि त्यातला जो मरतो तो कायमचा मरतो. जखमांइतकीच नायकांच्या मनावरच्या ताणाचीही मोजणी होते, आणि या गेमची खरी ओळख ती मोजणीच आहे.

ताई, माझी व्हेस्टल, म्हणजे जखमा बऱ्या करणारी नायिका, मरणाच्या दारात तीनदा वाचली आणि चौथ्या घावाला गेली. पडद्यावर वाचण्याची शक्यता ६७ टक्के दिसत होती. ६७ म्हणजे जवळजवळ खात्रीच ना? गेम आतून लबाडी करतो का?
– एक विद्यार्थी, नाशिक

तुझा प्रश्न वाचला आणि थेट वर्गात गेल्यासारखं वाटलं. मी बारावीला संभाव्यता शिकवते आणि दरवर्षी हीच चूक फळ्यावर काढून दाखवते.

आधी नियम सांगते. नायकाचं बळ शून्यावर आलं की तो लगेच मरत नाही, मरणाच्या दारात उभा राहतो. त्यानंतरच्या प्रत्येक घावाला नाणं उडवल्यासारखा एक कौल लागतो, आणि अंगभूत शक्यता ६७ टक्के जगण्याची असते. आता गुणाकार कर. सलग दोन घाव सोसण्याची शक्यता ४५ टक्के, तीन सोसण्याची ३० आणि चार सोसण्याची जेमतेम २०. सरासरी काढलीस तर तिसऱ्या घावाला नायक जायला हवा. तुझी व्हेस्टल तीन घाव झेलून चौथ्याला गेली, म्हणजे ती सरासरीपेक्षा जास्तच टिकली.

हे तुला पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं. म्हणून मी शंभर पानी वही घेतली आणि मरणाच्या दारातल्या प्रत्येक घावाला एक रेघ मारत गेले, वाचला तर उभी, गेला तर आडवी. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा उभ्या रेघा आडव्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. गेमने जे सांगितलं होतं तेच घडत होतं. आडव्या रेघेशेजारी मी नाव लिहायचे, उभ्या रेघेशेजारी काहीच लिहीत नव्हते. वही चाळताना डोळ्यांना फक्त नावंच दिसायची. गेमला दगाबाज म्हणणाऱ्यांच्या मनात अशीच एक वही असते असं मला वाटतं.

तरी तुझा राग मी खोटा म्हणणार नाही. तू गणितावर चिडला नाहीस. जिला तू गेममधले पंधरा आठवडे वाढवलंस, जिच्यासाठी गावातली मठी सुधारलीस, ती गेली म्हणून तू चिडलास. यावर उपाय एकच आहे. मरणाच्या दाराशी पोचलेल्या नायकाला त्याच फेरीत बरं कर, मग ते एका अंकाने का होईना, कारण बळ एक असलं तरी तो दारातून मागे आलेला असतो. ज्या फेरीत तू बरं करण्याऐवजी ‘आणखी एक घाव घालतो, मग बघू’ असं म्हणतोस, त्या फेरीत ६७ टक्क्यांवर तिचा जीव तू लावलेला असतोस.

माझा मोठा भाऊ २०१५ पासून हा गेम खेळतो. ‘प्रेतं आली आणि गेम बिघडला’ असं तो आजही म्हणतो. मी आता खेळायला घेतलाय आणि मला तर प्रेतांचं काहीच वाटत नाही. तेव्हा नेमकं झालं काय होतं?
– एक वाचक, कराड

याचं उत्तर लांबेल, कारण एका गेमवर खेळणारे कसे आणि कशासाठी चिडतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

क्रिस बोरासा आणि टायलर सिगमन या दोघांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये रेड हूक हा छोटा स्टुडिओ उभा केला. फेब्रुवारी २०१४मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ७५ हजार डॉलर मागितले आणि ३ लाख १३ हजारांहून अधिक जमले. फेब्रुवारी २०१५मध्ये गेम स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसमध्ये आला. म्हणजे अर्धा शिजलेला, पैसे भरून खेळायचा, आणि पूर्ण होईपर्यंत बदलत राहणार हे सांगून विकलेला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. तुझा भाऊ त्यातलाच.

जुलै २०१५मध्ये एक मोठं अपडेट आलं. त्यात कुत्रा घेऊन लढणारा हाउंडमास्टर हा नवा नायक होता आणि त्यासोबत दोन नवे नियम होते. पहिला प्रेतांचा, दुसरा हृदयविकाराच्या झटक्याचा.

प्रेतांचा नियम समजायला एसटीची रांग डोळ्यांसमोर आण. या गेममध्ये दोन्ही बाजूंना चार-चार जण एकामागे एक उभे असतात. कुणाचा वार कुठून निघतो आणि कुठवर पोचतो हे जागेवर ठरतं. आधी असं व्हायचं, की पुढचा राक्षस मेला की तो नाहीसा व्हायचा आणि मागचा आपोआप पुढे सरकायचा, रांगेतला माणूस गाडीत चढल्यावर मागचा सरकतो तसा. त्यामुळे मागे उभा राहून बाण मारणारा सांगाडा, किंवा पेला उडवून आपल्या नायकांचा ताण वाढवणारा हाडांचा दरबारी, आपसूक पुढे यायचा आणि तिथे त्याचा तो वार चालायचा नाही. खेळणाऱ्यांना हे लगेच उमगलं. पुढच्या दोघांना झोडपा, मागचे आपोआप दुबळे होतात. मागच्या रांगेपर्यंत पोचणारी नायकांची हत्यारं, शत्रूला ओढून पुढे आणणारे डाव, सगळं बिनकामाचं होऊन बसलं होतं.

अपडेटनंतर मेलेल्या राक्षसाचं प्रेत त्याच जागी पडून राहू लागलं. रांग सरकेना. दरबारी मागे निवांत उभा राहून पेले उडवू लागला. ज्यांचे चार नायक जुन्या हिशोबाने बांधलेले होते, त्यांची सगळी टोळी एका रात्रीत निकामी झाली. त्यातच दुसरा नियम आला. ताण १००वर गेला की मन खचतं हे आधीपासून होतं, आता २००वर गेला की हृदयविकाराचा झटका. प्रेतांमुळे ताण वाढवणारे जास्त वेळ जगू लागले आणि वाढलेल्या ताणाला त्याच दिवशी नवी शिक्षा ठरली. हे दोन्ही एका दमात आले म्हणून आगडोंब उसळला. स्टीमवर नापसंतीच्या शेऱ्यांची रीघ लागली. स्टुडिओने काही दिवसांतच मेनूमध्ये दोन खटके दिले. प्रेतं नकोत तर बंद करा, झटके नकोत तर बंद करा. त्यावर दुसरी बाजू नाराज झाली. तुम्ही का वाकलात, म्हणाली.

मी हा गेम त्यानंतर दोन वर्षांनी घेतला, त्यामुळे त्या भांडणात माझी कुठलीच बाजू नव्हती. पण ते खटके अजून मेनूत आहेत. म्हणून मी एक मोहीम मुद्दाम प्रेतं बंद करून वीस आठवडे खेळले आणि मग तीच सुरुवात प्रेतं चालू ठेवून. फरक जमीन-अस्मानाचा आहे. प्रेतांशिवाय मी प्रत्येक लढाई एकाच पद्धतीने जिंकत होते. प्रेतं असताना मला प्रथमच कळलं की प्लेग डॉक्टर ही विष फेकणारी नायिका कशासाठी आहे. तिच्या विषाने किंवा रक्तस्रावाने मेलेला राक्षस प्रेत ठेवत नाही. क्रिटिकल, म्हणजे नशिबाने जास्त जोरात बसलेल्या, सणसणीत वाराने मेलेलाही ठेवत नाही. म्हणजे कुणी मारलं यासोबत कसं मारलं हेही मोजलं जाऊ लागलं. बनवणाऱ्यांचा नियम बरोबर होता, यावर मी ठाम आहे.

आणि तुझा भाऊही बरोबर आहे. गेम सुरू होतानाच पडद्यावर एक सूचना येते, की नायक मरतील, मेलेले परत येणार नाहीत, केलेलं मागे घेता येणार नाही. हा करार आहे आणि खेळणाऱ्याने तो मनापासून मान्य केलेला असतो. त्यात फासे कसेही पडोत हे येतं. पण निम्मा डाव झाल्यावर पटाचे नियम बदलतील हे त्यात येत नाही. मेलेले परत येत नाहीत अशा गेममध्ये नियम बदलला तर त्याची किंमत जुन्या नियमाने वाढवलेल्या नायकांच्या जिवाने चुकवावी लागते. दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या गेममध्ये जुना सेव्ह उघडून माणूस सावरला असता. इथे ती सोयच नाही. भावाला सांग, की त्याचा राग अवघडपणावर नव्हता हे मला कळतं. मात्र आता प्रेतं चालू करून एक नवी मोहीम खेळून बघ म्हणावं, पहिल्या आठवड्यापासून.

‘रोगलाईक’ हा शब्द तुम्ही सारखा वापरता. त्याचा अर्थ एकदा सांगा.
– एक वाचक, लातूर

१९८०च्या सुमारास अमेरिकेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी युनिक्स या संगणक प्रणालीवर ‘रोग’ नावाचा गेम लिहिला. चित्रं नव्हतीच. तुम्ही म्हणजे @ हे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे रोमन लिपीतली ए ते झेड ही सव्वीस मोठी अक्षरं. भुयार दर वेळी नव्याने मांडलं जायचं आणि मेलात की पहिल्यापासून. या दोन गोष्टी ज्यात असतात त्या गेमला ढोबळमानाने ‘रोग’सारखा, रोगलाईक म्हणतात. ‘डार्केस्ट डन्जन’मध्ये नायक मेला तरी गाव उरतं, त्यामुळे काटेकोर मंडळी त्याला रोगलाईक मानत नाहीत. मला हा वाद महत्त्वाचा वाटत नाही.

समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८४ गुण आणि स्टीमवर दीडशे तास खेळून नापसंतीचा अंगठा देणारे लोक. विश्वास कुणावर ठेवायचा?
– एक वाचक, पुणे

दोघांवर ठेवा, पण कुणी गेमचा कुठला भाग पाहिलाय ते तपासून. स्टीमवर प्रत्येक शेऱ्यासोबत किती तास खेळले ते छापलेलं असतं. मी अंगठ्याआधी ते बघते.

समीक्षकांनी मनापासून वाखाणलं ते पहिल्या चाळीस तासांत पुरेपूर मिळतं. जाड काळ्या शाईने खोदल्यासारखी चित्रं, निवेदकाचा आवाज, आणि ताणाचा हिशोब. ताण १००वर गेला की नायकाची परीक्षा होते. चारांत एकदा तो उलट धैर्याने उभा राहतो, बाकी वेळी खचतो. कुणी भेदरतो, कुणी संशयी होतो, कुणी सोबत्यांना घालूनपाडून बोलतो आणि त्याच्या बोलण्याने बाकीच्यांचाही ताण चढतो. एक खचला की चौघे घसरणीला लागतात. ज्या घरात एक माणूस आजारी पडलंय आणि बाकीचे एकमेकांवर खेकसायला लागलेत, ते घर ज्याने पाहिलंय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

दीडशे तासवाल्यांची तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. गेममध्ये चार प्रदेश, प्रत्येकात दोन म्होरके, आणि प्रत्येक म्होरक्या तीन पातळ्यांवर. म्हणजे २४ लढाया, पण शत्रू आठच. त्यात वरच्या पातळीचे नायक सोप्या भुयारात उतरायला नकार देतात. त्यामुळे तुमचे सहाव्या पातळीचे चौघे एका संध्याकाळी गेले की नवे चौघे अगदी तळापासून वाढवायचे, त्याच वाटांनी, त्याच म्होरक्यांना टाळत. पहिल्यांदा हे दुःख असतं. तिसऱ्यांदा ती नुसती हमाली असते. कित्येक समीक्षकांनीही उत्तरार्ध रेंगाळतो हे लिहिलं होतं, पण गुणांच्या आकड्यात ते वाक्य दिसत नाही.

२०१७मध्ये स्टुडिओने ‘रेडियंट’ नावाची आटोपशीर मोहीम जोडली. पहिल्यांदा घेणाऱ्याने तीच निवडावी, कोणी काहीही म्हणो. नोकरी, घर सांभाळून आठवड्यातून दोन रात्री खेळणाऱ्याला मूळ मोहीम वर्षभर पुरते आणि निम्म्या वाटेत सुटते.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. हा गेम खेळताना दार लावून घेतो, जेवायला हाक मारली की ‘आता उठलो तर माझी माणसं मरतील’ म्हणतो. एकदा खरंच रडला. मी बंद करू का?
– एक आई, रत्नागिरी

ताई, ‘उठलो तर मरतील’ हे खरं नाही. हा गेम पावलापावलाला स्वतःच सेव्ह होतो आणि लढाई आळीपाळीने चालते. तो खेळाच्या मधून उठला, मेनूतून बाहेर पडला, जेवून आला, तर त्याची माणसं त्याच जागी उभी असतात. हे त्याला रागावून सांगू नका. शेजारी बसा आणि एकदा करून दाखवायला सांगा.

रडण्याची काळजी मी करणार नाही. स्वतःच्या निर्णयामुळे कुणीतरी गेलं याचं वाईट वाटलेला मुलगा आहे तो. पण दोन गोष्टी तुम्हाला ठाऊक असाव्यात. गेममध्ये रक्तपात आहे. आणि नायकांचा ताण उतरवायला गावात मठाबरोबर दारूचा गुत्ता, जुगाराचा अड्डा आणि कुंटणखानाही आहे, मठात स्वतःला फटके मारून घेण्याची खोलीही आहे. चित्रं उघडीवाघडी नाहीत, पण विषय आहेत. पंधराव्या वर्षी हे चालेल का, हे तुम्ही घरात ठरवायचं. माझ्या भाच्याने याच वयात मागितला तेव्हा मी दोन वर्षं थांब म्हटलं होतं.

दाराचं मात्र आजच बोला. गेम बैठकीच्या खोलीत खेळला तरी तितकाच चांगला असतो.

‘हेडीज’ हा गेम अतिशय आवडला. मग हा आवडेल का?
– एक वाचक, ठाणे

सांगता येत नाही, कारण दोन्हींत मरणाचा अर्थ वेगळा आहे. ‘हेडीज’मध्ये मेलात की घरी परत येता, कुणीतरी नवं बोलतं, गोष्ट पुढे सरकते. शिवाय त्यात गॉड मोड आहे, जो चालू केला की मार २० टक्के कमी लागतो आणि प्रत्येक मरणागणिक २ टक्क्यांनी आणखी कमी, ८० टक्क्यांपर्यंत. हरणाऱ्याचा हात धरणारा गेम आहे तो, आणि म्हणून मी तो माझ्या आईलाही खेळायला दिला. ‘डार्केस्ट डन्जन’मध्ये हरणाऱ्याचं हरणं वाढतच जातं. तुम्हाला ‘हेडीज’मधली माणसं आवडली असतील तर इथे नका येऊ. तिथली प्रत्येक फेरी आखून खेळणं आवडलं असेल तर या.

निवेदकाचा तो खर्जातला आवाज कुणाचा?
– एक वाचक, फोंडा

वेन जून यांचा. लव्हक्राफ्ट या अमेरिकी लेखकाच्या भयकथांचं त्यांनी केलेलं वाचन बोरासा यांच्या कानावर होतं, आणि तोच आवाज हवा म्हणून त्यांना विचारलं गेलं. जानेवारी २०२५मध्ये ते गेले. नायक जिंकला तरी हुरळू नको म्हणणारा आणि हरला तरी तोल न सोडणारा तो आवाज काढून टाकला, तर हा गेम निम्मा उरेल. इंग्रजी जड जात असेल तरी आवाज बंद करून खेळू नका.

तुम्ही स्वतः शेवटपर्यंत पोचलात का? शेवट खरंच इतका क्रूर आहे?
– एक वाचक, सोलापूर

ज्यांना शेवट आधी कळायला नको त्यांनी इथे थांबावं.

पोचले. माझ्या नायिकांना मी कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या मैत्रिणींची नावं दिली होती, रोमन अक्षरांत टाईप करून. शेवटच्या लढाईत समोरचा शत्रू दोनदा असा वार करतो जो चुकवता येत नाही, अडवता येत नाही, आणि कुणावर करायचा ते तुम्हालाच विचारतो. चौघींपैकी एक निवडायची, थोड्या वेळाने उरलेल्या तिघींपैकी आणखी एक. इथे टक्केवारी नाही, कौल नाही. सगळा गेमभर ज्या फाशांना लोक शिव्या घालतात, ते फासे इथे काढून घेतलेले असतात.

यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. इतकी मेहनत करून दोघांचा बळी सक्तीने का, हा एक. दुसऱ्यांना हा गेममधला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. मी दुसऱ्यांत आहे. पहिल्या वेळी मी मंदाला निवडलं, कारण तिचा ताण १८०वर होता आणि ती तसंही टिकली नसती. दुसऱ्या वेळी शकू आणि उज्ज्वला दोघीही धडधाकट होत्या. रेखा बरं करणारी, तिला देणं शक्य नव्हतं. मी उठले, पाणी प्यायले, खिडकीत उभी राहिले. गेम आळीपाळीचा आहे, तो थांबून राहतो. पंचवीसेक मिनिटांनी परत आले आणि शकूवर क्लिक केलं. वहीत तिच्या नावापुढे रेघ मारलेली नाही.